एकाच हॉटेलात सगळं इंग्लंड शोधू नका

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे, कोल्हापूरहून. थोडं आटोपशीर करून देते.

"मुलाचं लेस्टरमधलं शिक्षण पूर्ण झालं. जुलैत पदवीदान आहे, त्यासाठी आम्ही दोघं जातोय. नंतर तिघं लंडनला. शुक्रवारी दुपारी पोचायचं, सोमवारी सकाळी विमान. हॉटेल यूस्टन स्टेशनजवळ आहे. नात्यातले सगळे सांगतात, तिकडचं जेवण म्हणजे उकडलेला बटाटा, सरळ आपलं भारतीय हॉटेल गाठा. पण यांना हौस आहे, तिथली माणसं जे पिढ्यान्‌पिढ्या खातात तेच खायचं. यांना मटण, कोंबडी, मासे चालतात; गाय आणि डुक्कर अजिबात नाही. मी शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं. मुलाने मोबाइलवर बेचाळीस ठिकाणं जमवून ठेवली आहेत. वाचून डोकं गरगरतं. पैसेही जपून खर्चायचे आहेत. कुठं जावं?"

ताई,

बेचाळीस ठिकाणांची यादी तूर्त बाजूला ठेवा. आधी जेवणं मोजू. शुक्रवारची रात्र, शनिवारची सकाळ, दुपार, रात्र, रविवारची दुपार आणि रात्र. झाली सहा. त्यातली दोन पायपीट करून दमल्यावर हॉटेलच्या खोलीत सँडविच खाण्यात जातील, जाऊ द्या. उरली चार. या चार वेळांना कुठले चार पदार्थ खायचे ते ठरवा आणि मग त्या त्या पदार्थाचं घर शोधा. हॉटेल आधी निवडून मग त्याच्या मेन्यूत काय आहे ते बघत बसलात, तर फसाल.

तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणून तुम्हाला हे चटकन पटेल. जिथे मिसळ खायची तिथे आपण तांबडा-पांढरा मागत नाही, आणि मटणाच्या खानावळीत कोणी पुरणपोळी विचारत नाही. इंग्रजांचंही असंच आहे. तळलेला मासा आणि चिप्स, म्हणजे बटाट्याचे जाड तळलेले काप, यांचं दुकान वेगळं, त्याला ते प्रेमाने 'चिपी' म्हणतात. रविवारचा रोस्ट, म्हणजे भट्टीत भाजलेलं मांस, पबमध्ये. सकाळचा भरपेट नाश्ता 'कॅफ'मध्ये. लंडनचा कामगार कॅफे म्हणत नाही, कॅफ म्हणतो. 'पाय', म्हणजे आत सारण भरून भाजलेली पेस्ट्री, आणि मॅश, म्हणजे कुस्करलेला बटाटा, यांची दुकानं आणखी निराळी, आणि स्कोन नावाचा केकसारखा छोटा पाव अन् चहा टीरूममध्ये. हे सगळे पदार्थ एकाच मेन्यूवर रंगीत फोटोंसकट दिसले आणि दारात माणूस उभा राहून बोलावत असला, तर पुढे चालू लागा.

हे मी ऐकीव सांगत नाही. लंडनला राहायला आल्याच्या पहिल्याच वर्षी आई मला भेटायला आली. नाटकांच्या थिएटरांजवळ, ऐन गर्दीच्या चौकात, अशाच एका ठिकाणी मी तिला घेऊन गेले. आई माळकरी. तिने नुसत्या चिप्स घेतल्या, त्याही कौतुकाने खाल्ल्या, "छान कुरकुरीत आहेत गं," म्हणाली. बिल देताना मी सहज विचारलं, कशात तळता? गाईच्या चरबीत, म्हणाले. आईला मी ते सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही सांगितलं नव्हतं. चूक माझी होती, मी आधी विचारलं नाही. म्हणून तुमच्या पत्रातल्या बाकी कुठल्याही प्रश्नाआधी मला हे लिहायचं आहे.

इंग्रजी स्वयंपाकात गाय दिसते तिथेच असते असं नाही. चार शब्द पाठ करा. 'ड्रिपिंग' म्हणजे भाजताना गळलेली गाईची चरबी. जुन्या पद्धतीच्या चिपीत तळण यातच असतं. उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशरमध्ये, ही चाल जास्त. लंडनमध्ये बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल असतं, पण थिओबाल्ड्स रोडवरचं 'फ्रायर्स डिलाइट' हे नावाजलेलं दुकान ड्रिपिंगसाठीच प्रसिद्ध आहे आणि ते तुमच्या हॉटेलापासून फार लांब नाही. मुलाच्या यादीत असलं तर काट मारा. 'सुएट' म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. वाफवलेल्या गोड पुडिंगांत आणि ख्रिसमसच्या पुडिंगात ती परंपरेने असते, म्हणजे गोडातही सावध राहायचं. 'मिन्स' असं नुसतं लिहिलं असेल तर तो गाईचा खिमा समजा. 'स्टेक' पायच्या नावात आला की तेही गाईचंच. नुसत्या 'सॉसेज'मध्ये मात्र डुक्कर.

कॉटेज पाय आणि शेफर्ड्स पाय दिसायला जुळी भावंडं: खाली खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर. शेफर्ड म्हणजे धनगर, म्हणून त्यात मेंढीचं मटण, कॉटेजमध्ये गाय. साहेबांना शेफर्ड्स चालेल. तरीही एकदा विचाराच, कारण स्वस्तातल्या ठिकाणी नाव धनगराचं आणि खिमा गाईचा असा प्रकार घडतो.

तुमच्यासाठी आणखी एक. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका कायद्याने लागतो, तसं तिथे नाही. मेन्यूवर 'व्ही' लिहिलेलं असतं, पण शाकाहारी म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही. कायद्याने त्यांना चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते, तो तक्ता मागून घ्या. त्यात 'मासा' असा रकाना असतो. वेल्श रेअरबिट हा चीज लावून भाजलेला पाव दिसायला शाकाहारी, पण त्यात बऱ्याचदा वूस्टर सॉस पडतो आणि त्या सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. तक्त्यात ते सापडतं. गाईची चरबी मात्र या चौदांत येत नाही, त्यामुळे ती तोंडानेच विचारावी लागते. लाजू नका. रोज शंभर लोक त्यांना काही ना काही विचारतात.

आता तुमच्या नातेवाइकांच्या उकडलेल्या बटाट्याबद्दल. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, ब्रिटनमध्ये रेशनिंग आलं आणि ते पूर्ण उठायला 1954 चा जुलै उजाडला. साखर, लोणी, मांस, अंडी, सगळं मोजून. सरकारने दूध एकाच ठरावीक चेडर चीजकडे वळवलं आणि गावोगावची चीजं मरणपंथाला लागली. चौदा वर्षांत एक अख्खी पिढी लोण्याशिवाय स्वयंपाक शिकली. आपल्याकडे कोणी चौदा वर्षं तेल-मसाला बंद केला असता तर आपल्या रश्श्याचं काय झालं असतं, विचार करा. मासा आणि चिप्स मात्र त्या युद्धात रेशनमधून वगळले होते, आणि इंग्रजांना वाटणारी त्या पदार्थाची माया तिथलीही आहे.

शुक्रवारी रात्री तेच खा. दमलेले असाल, लांब जायला नको. यूस्टनपासून चालत जाण्याजोगं, ब्लूम्सबरीत ली स्ट्रीटवर, 'नॉर्थ सी फिश' नावाचं जुनं घरगुती वळणाचं ठिकाण आहे, बसून खाता येतं. जाताना तळणाचं विचारा. साहेबांनी हॅडक मागवावा. कॉडपेक्षा त्याला चव जास्त, असं माझं मत. वर माल्ट व्हिनेगर आणि मीठ भरपूर. लिंबाची फोड देतात, पण व्हिनेगर हवंच. त्या कुरकुरीत आवरणाच्या आत मासा स्वतःच्याच वाफेवर शिजलेला असतो, म्हणून मसाल्याशिवायही पाकळ्या सुटून येतात. पोर्तुगाल-स्पेनमधून आलेल्या ज्यू लोकांनी तळलेला मासा लंडनमध्ये आणला, आणि जोसेफ मॅलिन नावाच्या एका ज्यू माणसाने 1860 च्या सुमारास पूर्व लंडनमध्ये मासा आणि चिप्स एकत्र विकायला सुरुवात केली असं मानतात. तुमच्यासाठी मशी पीज, म्हणजे मोठे वाटाणे भिजवून, शिजवून घोटलेले, आपली उसळ गळेपर्यंत आटवली तर होईल तसे. चिप्स मात्र माशाच्याच तेलात तळलेल्या असू शकतात. वेगळ्या कढईची खात्री मिळाली नाही तर तुम्ही तिथे फक्त वाटाणे आणि पाव-लोणी घ्या. मग यूस्टनच्या मागेच ड्रमंड स्ट्रीट नावाची गल्ली आहे, तिथे भारतीय खानावळी आहेत. पोट तिथे भरा. पहिल्याच रात्री उपाशी झोपू नका.

शनिवारी सकाळी कॅफ. पूर्व लंडनमध्ये बेथनल ग्रीन रोडवर 'ई. पेलिची' आहे, 1900 पासून एकाच इटालियन घराण्याकडे. आत लाकडी जडावकामाच्या भिंती आहेत, त्या वारसा म्हणून जपलेल्या. चालवणारे इटालियन आणि पदार्थ इंग्रजी, हे लंडनचं जुनंच समीकरण आहे. कितीतरी कॅफ इटलीहून आलेल्या कुटुंबांनी उभी केली. रांग असते, लवकर जा. साहेबांना पूर्ण इंग्लिश ब्रेकफास्ट घेता येणार नाही, त्यात बेकन आणि सॉसेज डुकराचं, आणि ब्लॅक पुडिंग म्हणजे डुकराच्या रक्ताचं. दोघांनीही शाकाहारी ताट मागा: बीन्स, मश्रूम, भाजलेला टोमॅटो, टोस्ट, साहेबांना वर अंडी. 'बबल अँड स्क्वीक' असेल तर जरूर विचारा. रविवारी उरलेला बटाटा आणि कोबी सोमवारी एकत्र परतून केलेला हा पदार्थ, आपल्या फोडणीच्या पोळीच्या जातीचा. मात्र बहुतेक कॅफमध्ये सगळं एकाच तव्यावर होतं. तुम्हाला ते चालणार नसेल तर टोस्ट, बीन्स आणि चहा एवढ्यावर थांबा. चहा कडक, दुधाचा, मोठ्या मगात. तुम्हाला आवडेल.

शनिवारी दुपारी जेवण नको, चहाच घ्या. मोठ्या हॉटेलांतल्या तीन मजली बशांच्या आफ्टरनून टीला माणशी 70 पौंडांच्या वर जातात. मुलाची हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही पैसे जपून म्हणालात, म्हणून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जा. प्रवेश फुकट. 2024 साली वाघनखं साताऱ्याला पाहायला मिळाली ती याच संग्रहालयाकडून आली होती. मागच्या बाजूला त्यांचं कॅफे आहे, जगातलं पहिलं संग्रहालयातलं उपाहारगृह म्हणून ते ओळखलं जातं. विल्यम मॉरिसने सजवलेली हिरवी खोली तिथे अजून आहे. तिथे स्कोन, क्लॉटेड क्रीम आणि जॅम घ्या. क्लॉटेड क्रीम म्हणजे घट्ट साय, लोणी व्हायच्या एक पायरी अलीकडची. डेव्हनची माणसं आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलची आधी जॅम, आणि दोघं एकमेकांना चूक ठरवतात. मी जॅम आधी लावते. एक सूचना: ज्याला बाहेरचे लोक 'हाय टी' म्हणतात तो हा नव्हे. हाय टी म्हणजे कामगारांचं संध्याकाळचं पोटभर जेवण.

रात्रीच्या भुकेसाठी कॉव्हेंट गार्डनमध्ये 'नील्स यार्ड डेअरी'चं दुकान आहे. युद्धात मरायला टेकलेली ब्रिटिश चीजं पुन्हा उभी करण्यात 1979 साली निघालेल्या या दुकानाचा मोठा वाटा. ते कापून चाखायला देतात. शाकाहारी रेनेटचं कोणतं ते विचारा, कारण बरीच जुनी चीजं वासराच्या जठरातल्या रसाने विरजतात. चीज, पाव आणि सफरचंद घेऊन खोलीवर जा. पबमध्ये यालाच 'प्लाउमन्स लंच' म्हणतात, नांगऱ्याची शिदोरी. नाव फार जुनं वाटतं, पण ते लोकांच्या तोंडी बसवलं युद्धानंतर चीज विकणाऱ्यांच्या प्रचाराने. शिदोरी मात्र खरोखर जुनी.

रविवारची दुपार हे तुमच्या दौऱ्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं जेवण. यात तडजोड करू नका. इंग्रज घरात रविवारच्या रोस्टला तोच मान आहे जो आपल्याकडे सणाच्या पानाला. यूस्टनहून नॉर्दर्न लाइनची एजवेअरकडे जाणारी गाडी पकडा आणि हॅम्पस्टेडला उतरा. सकाळी वेळ असेल तर त्याच वाटेवर चॉक फार्म लागतं. तिथून जवळ किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरचं घर आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये शिकत असताना तिथे राहत. महाराष्ट्र सरकारने ते 2015 साली विकत घेतलं. उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या.

हॅम्पस्टेड स्टेशनपासून थोडं वर चढलं की 'हॉली बुश' हा पब लागतो. चालायची तयारी असेल तर माळरान ओलांडून 'स्पॅनियर्ड्स इन'ला जा, ती सराई कित्येक शतकांची आहे. दमलात तर 210 नंबरची बस दारातून जाते. साहेबांसाठी लॅम्ब रोस्ट. त्याच्यासोबत मिंट सॉस येतो, पुदिना आणि व्हिनेगरचा. इंग्रजी स्वयंपाकात तिखट-आंबट भांड्यात नसतं, ताटाच्या कडेला असतं, हे एकदा कळलं की जेवण कळतं. "मीठ-मिरची नाही" असं साहेब म्हणायच्या आत त्यांच्यापुढे इंग्लिश मस्टर्ड ठेवा, पण नखभरच. कोल्हापुरी माणसाच्याही नाकात झणका जातो. यॉर्कशर पुडिंग गोड नसतं: अंडी, दूध, मैद्याचं पीठ कडकडीत चरबीत ओतून फुगवलेलं. चरबी कुठली ते विचारा, बटाटे कशात भाजले तेही विचारा आणि ग्रेव्ही कशाच्या रसाची तेही. या तिन्हींत गाय लपलेली असू शकते.

तुमच्यासाठी नट रोस्ट, म्हणजे दाण्या-बियांची भाजलेली वडी, किंवा भाज्या पेस्ट्रीत गुंडाळून भाजलेलं वेलिंग्टन बहुतेक पबांत असतं. त्याबरोबर शाकाहारी ग्रेव्ही वेगळी मागा. कॉलीफ्लॉवर चीज मिळालं तर एक जास्तीचं घ्या. आणि गोडात, जुलै असल्यामुळे तुमचं नशीब जोरावर आहे: समर पुडिंग विचारा. रासबेरी, करवंदासारखे आंबटगोड करंट, यांचा रस पावात मुरवून रात्रभर दाबून ठेवतात. त्यात सुएट नाही, अंडं नाही, जिलेटिनही लागत नाही. इंग्लंडचा उन्हाळा कसा लागतो हे त्या एका घासात कळतं. ते नसलं तर स्ट्रॉबेरी, क्रीम आणि कुस्करलेल्या मरँगचं ईटन मेस.

मुलाच्या यादीत दोन नावं नक्की असतील, म्हणून सांगते. कॉव्हेंट गार्डनजवळचं 'रूल्स', 1798 सालचं, लंडनचं सगळ्यांत जुनं रेस्टॉरंट म्हणवतं. सुंदर आहे, महाग आहे, आणि त्याचं खरं वैभव रानपक्ष्यांत. ग्राउझची शिकार 12 ऑगस्टला सुरू होते. तुम्ही जुलैत जाताय. दुसरं स्मिथफील्डचं 'सेंट जॉन', 1994 साली फर्गस हेंडरसन यांनी सुरू केलेलं. जनावर मारलं तर नाकापासून शेपटापर्यंत सगळं आदराने वापरायचं, हे त्यांनी ब्रिटनला पुन्हा शिकवलं, आणि मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण तिथली प्रसिद्ध भाजलेली नळी बघून साहेबांच्या तोंडाला पाणी सुटेल, आणि ती नळी वासराची असते. दोन्ही सोडा. पाय आणि मॅशचंही नेहमीचं रूप गाईच्या खिम्याचंच. फारच इच्छा झाली तर ग्रिनिचच्या 'गॉडर्ड्स'मध्ये शाकाहारी पाय मिळतो, वर अजमोद्यासारख्या पार्स्लीचा हिरवा सॉस, ज्याला ते 'लिकर' म्हणतात आणि ज्यात दारू नसते.

पैशाचं थोडक्यात. बसून जेवलात की बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलेलं असतं. ते ऐच्छिक आहे, सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतं, चांगली असेल तर द्या, आणि त्यावर वेगळी टिप ठेवू नका. पाणी 'टॅप वॉटर' म्हणून मागा, फुकट मिळतं. पबमध्ये बऱ्याच ठिकाणी टेबलाचा नंबर बघून काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यावी लागते. बसून राहिलात तर कोणी येणार नाही आणि तुम्हाला उगाच अपमान वाटेल.

रविवारचं टेबल मात्र आजच मुलाला सांगून ठेवायला लावा, दीड वाजताचं, तिघांचं. चारनंतर गेलात तर चांगले पब हात वर करतात, रोस्ट संपलेला असतो. टेबल सांगतानाच निरोपाच्या जागेत लिहायला सांगा: एक जण शाकाहारी, एकाला गाय आणि डुक्कर चालत नाही, चरबीतलंसुद्धा. स्वयंपाकघराला दोन दिवस आधी कळलं तर तुमचे बटाटे ते वेगळ्या तेलात भाजू शकतात.